पिट्सबर्ग पायरेट्सचे चाहते होण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिट्सबर्ग पायरेट्स हा अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराचा बेसबॉल संघ. पिट्सबर्गला शिकायला आलेले विद्यार्थी, मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील आणि पुण्या-नागपुरात पहाटे उठून सामने पाहणारे नातलग आम्हाला फिरून फिरून जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांतील आकडे २०२५ चा हंगाम संपेपर्यंतचे आहेत.

१. पायरेट्स हा मुळातच दुबळा संघ आहे का?

नाही. हा संघ १८८२ पासून अस्तित्वात असून १८८७ मध्ये तो नॅशनल लीगमध्ये (आजच्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या दोन भागांपैकी एकात) दाखल झाला. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे जगज्जेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, खेळलेल्या दोन संघांपैकी तो एक होता, आणि १९०९, १९२५, १९६०, १९७१ व १९७९ अशी पाच जगज्जेतेपदे त्याच्या नावावर आहेत. आजच्या चाहत्याची पंचाईत ही की यांतले शेवटचे जेतेपद मिळाले तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता किंवा तो अर्ध्या चड्डीत होता. त्यातच शहरातील अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सकडे सहा आणि आइस हॉकीच्या पेंग्विन्सकडे पाच विजेतेपदे आहेत. तिन्ही संघांचे रंग तेच, काळा आणि सोनेरी, त्यामुळे एकाच घरातल्या कर्तबगार भावंडांत हा मागे पडलेला मुलगा उठून दिसतो.

२. माझ्या मते ते आठवड्यातून दोन-तीनदा जिंकतातच. मग त्यांना ‘हरणारा संघ’ का म्हणतात?

क्रिकेटच्या सवयीमुळे येथे गोंधळ होतो. बेसबॉलचा नियमित हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि उत्तमातला उत्तम संघही त्यांतले साठएक सामने हरतो. ८१ पेक्षा कमी विजय मिळाले की तो हंगाम पराभवाचा धरला जातो, आणि शंभर पराभव झाले की नामुष्की मानली जाते. पायरेट्सचे २०२१ मध्ये ६१ विजय व १०१ पराभव झाले, २०२२ मध्ये ६२ व १००, २०२३ आणि २०२४ मध्ये अगदी जुळ्यासारखे ७६ व ८६, तर २०२५ मध्ये ७१ व ९१. आठवड्यातले ते दोन-तीन विजय खरे आहेत, पण उरलेले तीन-चार पराभव हिशेबात धरावे लागतात.

३. सलग २० वर्षे हरण्याचा प्रकार काय होता?

१९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे या संघाला पराभवांपेक्षा एकही विजय जास्त मिळवता आला नाही. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक सांघिक खेळांत इतकी लांब मालिका दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही.

जुने चाहते या मालिकेची सुरुवात १९९३ पासून मोजत नाहीत, ते १४ ऑक्टोबर १९९२ च्या रात्रीपासून मोजतात. अटलांटात नॅशनल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना होता. शेवटच्या, नवव्या डावात पायरेट्स २-० ने पुढे होते. मग अटलांटाची एक धाव झाली, दोन गडी बाद झाले आणि अटलांटाने फ्रान्सिस्को कॅब्रेरा या राखीव खेळाडूला बॅटिंगला पाठवले. त्याचा फटका डावीकडे बॅरी बाँड्सच्या दिशेने गेला. तिसऱ्या बेसवरून (बेस म्हणजे धावपटूने क्रमाने गाठायचे टप्पे; शेवटचा टप्पा होम प्लेट, तेथे पोहोचले की धाव) बरोबरीची धाव आलीच, आणि दुसऱ्या बेसवरून निघालेला सिड ब्रीम, ज्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या आणि जो दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सकडूनच खेळत होता, तो फरफटत होम प्लेटकडे घसरला. बाँड्सचा चेंडू कॅचरच्या (होम प्लेटमागे यष्टिरक्षकासारख्या उभ्या खेळाडूच्या) किंचित उजवीकडे पडला, कॅचरने वळून ग्लोव्ह आणेपर्यंत ब्रीमचा पाय प्लेटला लागला होता. हातातोंडाशी आलेला घास गेला. बाँड्स त्याच हिवाळ्यात सान फ्रान्सिस्कोला निघून गेला, आणि पुढे २० वर्षे बुडत्याचा पाय खोलात अशी संघाची गत झाली. त्या काळातला नीचांक हवा असेल तर २२ एप्रिल २०१० चा सामना पाहावा. त्या दिवशी मिलवॉकीने आपल्याला आपल्याच मैदानावर २०-० असे हरवले.

४. या २० वर्षांत आशा वाटावी असे काहीच घडले नाही का?

घडले, आणि तेच जास्त लागले. जुलै २०११ मध्ये संघ गटात आघाडीला होता. २६ जुलैला अटलांटात सामना १९ डावांपर्यंत लांबला, साडेसहा तासांहून अधिक चालला, आणि शेवटी होम प्लेटवर स्पष्ट बाद असलेल्या धावपटूला पंचांनी नाबाद ठरवले. निर्णय चुकल्याचे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केले, परंतु निकाल बदलला नाही आणि संघ तेथून घसरतच गेला. २०१२ मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला ६३ विजय व ४७ पराभव अशी भक्कम स्थिती होती, तीही ७९ व ८३ वर येऊन संपली. म्हणून ऑगस्टपर्यंत संघ चांगला खेळत असेल तेव्हा आमच्यातले जुने लोक गप्प असतात. दुधाने तोंड पोळलेले आहे.

५. फुटबॉलप्रमाणे अशा संघाला खालच्या श्रेणीत का ढकलत नाहीत?

अमेरिकेत तशी पद्धत नाही. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि ते कितीही हरले तरी तेथेच राहतात. उलट हरणाऱ्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत आधीचा क्रमांक मिळण्याची संधी असते. याचे परिणाम चाहत्याच्या मनावर कसे होतात, ते प्रश्न १३ मध्ये पाहावे.

६. मालकांनी पैसे खर्चून चांगले खेळाडू का घेऊ नयेत?

आयपीएल पाहणाऱ्यांना वाटते की प्रत्येक संघाची थैली सारखीच असेल. मेजर लीगमध्ये खर्चाला पक्की कमाल मर्यादा नाही. ठराविक आकड्यापुढे गेल्यास जादा कर भरावा लागतो, तो मोठ्या शहरांतले संघ भरतात आणि पुढे जातात. खर्चाला किमान मर्यादाही नाही, आणि आपल्या दुखण्याचे मूळ बहुतांशी तेथे आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पायरेट्सने ब्रायन रेनॉल्ड्सशी आठ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला, आणि दहा कोटींच्या वर गेलेला तो संघाच्या इतिहासातला पहिलाच करार होता.

पिट्सबर्ग हे लहान शहर आहे, स्थानिक प्रक्षेपणाचे उत्पन्न न्यूयॉर्कच्या तुलनेत तुटपुंजे आहे, ही सबब खरी आहे. ती अर्धीच खरी आहे, असे आमचे मत आहे. लीगमधील श्रीमंत संघांच्या उत्पन्नाचा काही भाग लहान शहरांतल्या संघांना वाटून दिला जातो, आणि मिलवॉकीसारख्या त्याहूनही लहान बाजारपेठेतला संघ याच नियमांखाली वारंवार बाद फेरीत जातो. खेळाडू घडवण्यात आणि सौदे करण्यातही आपल्याकडे चुका झाल्या आहेत. २०१८ मध्ये ख्रिस आर्चर या एका पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी) टायलर ग्लास्नो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन तरुण देऊन टाकले गेले. आर्चर येथे चालला नाही. ते तिघे इतरत्र नावारूपाला आले. या सौद्याचा विषय काढल्याशिवाय येथे कोणतीही मैफल संपत नाही.

७. जर्सी घ्यायची आहे. कोणाच्या नावाची घेऊ?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात शंभर-दीडशे डॉलर अडकलेले असतात. मेजर लीगमध्ये आल्यावर खेळाडू साधारण सहा हंगाम संघाच्या ताब्यात राहतो. पहिल्या तीन वर्षांत त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात, पुढची तीन वर्षे लवादाच्या धाकाने ते वाढतात, आणि मग तो कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. ज्याला नंतर परवडणार नाही अशा खेळाडूला मोकळे होण्यापूर्वीच विकणे ही आपल्या संघाची जुनी रीत आहे. जानेवारी २०१८ मध्ये एकाच आठवड्यात गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅककचन सान फ्रान्सिस्कोला गेले. कोलला पुढे न्यूयॉर्क यँकीजने नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर दिले.

म्हणून कोऱ्या जर्सीवर भागवावे किंवा २१ क्रमांकाची घ्यावी (प्रश्न ८). पॉल स्कीन्स या आपल्या पिचरची घेतल्यास आम्ही नावे ठेवणार नाही, मात्र तो २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होणार आहे हे ध्यानात ठेवून घ्यावी. अपवाद एकच: मॅककचन २०२३ मध्ये परत आला, आणि ज्यांनी पाच वर्षे त्याची जर्सी कपाटाच्या तळाशी ठेवली होती त्यांनी ती इस्त्री करून बाहेर काढली.

८. मैदानावर जिकडेतिकडे २१ हा आकडा का दिसतो?

तो पायरेट्सचे पोर्तो रिकोहून आलेले खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांचा क्रमांक आहे. त्यांनी बरोबर ३,००० हिट (बेस गाठून देणारे फटके) केले. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्यांचे विमान समुद्रात कोसळले. ते ज्या भागात क्षेत्ररक्षण करत, त्या उजव्या बाजूची पीएनसी पार्कची (आपल्या घरच्या मैदानाची) भिंत त्यांच्यासाठी २१ फूट उंच बांधली आहे. २०२५ च्या हंगामाच्या आरंभी या भिंतीवरील २१ चे चिन्ह झाकून त्या जागी एका मद्याची जाहिरात लावली गेली. क्लेमेंटे कुटुंबाने आणि चाहत्यांनी आवाज उठवल्यावर चिन्ह परत आले. पराभव हे शहर मुकाट्याने गिळते, पण या आकड्याला हात लावलेला ते खपवून घेत नाही.

९. मालकांवर राग आहे, तरी तिकीट काढून जातो. हे ढोंग नाही का?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि त्यावर आमच्या घरातही एकमत नाही. ३० जून २००७ रोजी चाहत्यांनी तिसऱ्या डावानंतर उठून जाण्याची हाक दिली होती. काही उठले, बहुतेक बसून राहिले. २०२५ च्या पहिल्या घरच्या सामन्यात ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा झाल्या आणि मालक बॉब नटिंग यांच्या नावाने तोच मजकूर लिहिलेला फलक विमानाला बांधून मैदानावरून फिरवण्यात आला. मे महिन्यात संघ १२ विजय व २६ पराभवांवर असताना बडतर्फ झाले ते मात्र व्यवस्थापक, म्हणजे मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, डेरेक शेल्टन. त्यांच्या जागी मूळ पिट्सबर्गचेच डॉन केली आले.

तिकीट न काढण्याने मालकांना किती झळ पोहोचते याविषयी आम्ही साशंक आहोत, कारण प्रक्षेपणाचा आणि वाटून मिळणारा पैसा रिकाम्या खुर्च्यांमुळे थांबत नाही. आमचा मधला मार्ग असा: तिकीट काढावे, आत गेल्यावर खाण्यावर फार खर्च करू नये (प्रश्न १०), आणि घोषणा द्यायच्या त्या दोन डावांच्या मध्ये द्याव्यात. पिचर चेंडू टाकत असताना मालकांवर ओरडले तर बिचाऱ्या खेळाडूंना वाटते की आपल्यावरच ओरडत आहेत.

१०. पहिल्यांदाच मैदानावर जाणार आहोत. काय लक्षात ठेवावे?

२००१ मध्ये उघडलेले पीएनसी पार्क हे देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांपैकी एक मानले जाते, आणि हरणाऱ्या संघाला ते लाभले याची चाहत्यांना गंमतही वाटते आणि चीडही येते. गाडी डाउनटाउनमध्येच लावावी आणि पिवळ्या रॉबर्टो क्लेमेंटे पुलावरून अ‍ॅलेगेनी नदी पायी ओलांडावी. सामन्याच्या दिवशी हा पूल वाहनांना बंद असतो. होम प्लेटच्या मागे वरच्या मजल्यावर बसावे, म्हणजे नदी, पूल आणि शहराच्या इमारती समोर येतात. संघ चौथ्या डावात सहा धावांनी मागे पडला तरी बघायला काहीतरी उरते.

घरचे खाणे आत नेता येते, मात्र पिशवीच्या मापाचे नियम आधी वाचावेत. बटाट्याची सुकी भाजी पोळीत गुंडाळून नेणे हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. पातळ भाजी नेऊ नये. होम रनच्या, म्हणजे भिंतीपार गेलेल्या फटक्याच्या वेळी शेजारचा उडी मारतो. लहान मुले बरोबर असतील तर पिएरोगींचे मोठाले वेष घालून धावणाऱ्यांची शर्यत चुकवू नये. पिएरोगी म्हणजे पोलिश पद्धतीची, आत बटाट्याचे सारण भरलेली उकडलेली करंजी. मुलांच्या लेखी सामन्याचा निकाल हाच असतो.

११. भारतात सामने किती वाजता दिसतात?

हंगामभर पिट्सबर्ग भारताच्या साडेनऊ तास मागे असते. सायंकाळी ६.४० चा सामना भारतात पहाटे ४.१० ला, म्हणजे काकडआरतीच्या सुमारास सुरू होतो. रविवारचा दुपारी १.३५ चा सामना रात्री ११.०५ ला. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावल्यामुळे सामने बहुधा पावणेतीन तासांच्या आत संपतात, त्यामुळे पहाटेचा सामना पाहून कचेरीला वेळेवर पोहोचता येते. मूड कसा असेल, ते निकालावर.

१२. पायरेट्सचा खेळाडू बॅटरच्या मागे उलटा पळतो, ती चित्रफीत खरी आहे का?

दुर्दैवाने खरी आहे. २७ मे २०२१, आपलेच मैदान, समोर शिकागो कब्ज. दोन गडी बाद होते आणि दुसऱ्या बेसवर एक धावपटू होता. हाव्हिएर बाएझने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला, तेथून तो पहिल्या बेसवरच्या विल क्रेगकडे आला, पण थोडा बाहेर आल्याने क्रेगला बेस सोडून पुढे यावे लागले. त्याने मागे वळून नुसता पाय बेसला लावला असता तरी बाएझ बाद, डाव समाप्त, आणि मधल्या वेळात कोणी होम प्लेट ओलांडली असती तरी ती धाव धरली गेली नसती. पण बाएझ थबकला आणि होम प्लेटकडे मागे पळू लागला, आणि क्रेग त्याला शिवायला चेंडू हातात घेऊन त्याच्या मागे निघाला. तेवढ्यात दुसऱ्या बेसवरचा धावपटू होम प्लेटपाशी येऊन पोहोचला. क्रेगने घाईने कॅचरकडे चेंडू दिला, धावपटू घसरत सुरक्षित पोहोचला, बाएझने तेथेच उभे राहून स्वतःच पंचांसारखे हात पसरून ‘नाबाद’ अशी खूण केली आणि मग त्याला आठवले की पहिला बेस मोकळाच आहे. तो धावत तेथे पोहोचला आणि पुढच्या चुकीवर दुसऱ्या बेसवरही गेला.

नियमांचे दुसरे टोक १५ मे २०२२ ला दिसले. सिनसिनाटीच्या पिचरांनी संपूर्ण सामन्यात आपल्याला एकही हिट मारू दिली नाही, तरी पिचरच्या भरकटलेल्या चेंडूंमुळे मिळालेले फुकटचे बेस आणि एका चुकलेल्या दुहेरी बादच्या जोरावर आपण १-० ने जिंकलो. आणि २०२५ मध्ये स्कीन्सने दर नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा देऊन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला, तेव्हा त्याच्या नावापुढे १० विजय आणि १० पराभव होते. त्याने धावा दिल्या नाहीत, आपल्या बॅटरनी केल्याही नाहीत.

१३. हंगाम वाया गेलाच आहे, तर शेवटी हरलेलेच बरे, म्हणजे चांगला खेळाडू मिळेल. असे वाटणे चूक आहे का?

पूर्वी या हिशेबाला अर्थ होता. डिसेंबर २०२२ पासून नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात आणि सर्वांत वाईट तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १६.५ टक्के असते; त्यामुळे तळाला पोहोचण्यासाठी आणखी हरण्याने पदरात काही पडत नाही. ती पहिलीच सोडत पायरेट्सला लागली आणि स्कीन्स मिळाला. पण २०२१ मध्येही पहिला क्रमांक आपलाच होता, आणि तेव्हा निवडलेल्या हेन्री डेव्हिसने अजून तसे दिवस दाखवलेले नाहीत. सप्टेंबरमध्येही विजयच मागावा.

१४. २०१३ ची रात्र सगळे का सांगत बसतात?

९ सप्टेंबर २०१३ ला टेक्सासमध्ये १-० ने ८२ वा विजय मिळाला आणि २० वर्षांची मालिका संपली. १ ऑक्टोबरला पीएनसी पार्कवर २१ वर्षांतला पहिला बाद फेरीचा सामना झाला, सिनसिनाटीविरुद्ध. काळे कपडे घातलेले ४०,४८७ लोक पाहुण्या पिचरचे नाव ‘क्वे-टो’ असे सुरात लांबवून ओरडत होते. जॉनी क्वेटोच्या हातातून चेंडू निसटून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, आणि पुढचाच चेंडू रसेल मार्टिनने भिंतीपार धाडला. संघ ६-२ ने जिंकला. पुढे सेंट लुइसने पाच सामन्यांत बाहेर काढले. २०१४ आणि २०१५ मध्ये वाइल्ड कार्डच्या (बाद फेरीच्या पहिल्या पायरीच्या) एकेका सामन्यात एकही धाव न करता आटोपले, आणि त्यानंतर बाद फेरी दिसलेली नाही. सांगण्यासारखी रात्र एकच आहे, म्हणून तीच सांगितली जाते.

१५. या संघाशी भारताचा काही संबंध आहे का?

आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना, एका चेंडूफेक स्पर्धेतून निवड झाल्यावर, करारबद्ध केले. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. पटेल २०१० मध्ये मोकळा झाला, सिंग दुखापतींशी झगडत बरीच वर्षे संघाच्या खालच्या फळीत राहिला आणि पुढे कुस्तीच्या मनोरंजन क्षेत्रात गेला.

१६. संघ २५ सामन्यांनी मागे असताना एखादा सामना जिंकला, तर घरावर झेंडा लावावा का?

लावावा. कवटीचा काळा झेंडा, म्हणजे जॉली रॉजर, प्रत्येक विजयानंतर चढवायचा असतो आणि त्याचा गुणतक्त्याशी संबंध नाही. एकाच दिवशी दोन सामने होऊन एक जिंकला आणि एक हरला, तर आमच्या घरी दुसऱ्या सामन्याचा निकाल धरतात. पहाटे चारला भारतात सामना पाहणाऱ्यांनी मात्र तो बाल्कनीत लावण्यापूर्वी शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. डोंबिवलीतल्या आमच्या मावशींकडे सोसायटीचे सचिव विचारपूस करायला आले होते.